शरणागत श्वापद आणि अहिंसेचा आचार

लीळाचरित्राच्या वाचकास 'मढ' हा शब्द परिचित आहे. वाटसरूने किंवा विरक्ताने काही काळ टेकावे असे आश्रयाचे लहानसे स्थान, हा त्याचा जुना अर्थ होय. मुंबई उपनगरात मालाडच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे, याच नावाचे एक गाव आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती हा येथे विषय नव्हे. गावाच्या एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, टोकाशी पोर्तुगीजांनी बांधलेला व १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, आणि मासेमारीवर उदरनिर्वाह करणारी कोळ्यांची वस्ती, असे या मढचे रूप आहे. तेथून पूर्वेस, चार-पाच कोसांच्या आत, बोरिवलीचे डोंगर लागतात. त्या डोंगरांत सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. कान्हेरीची लेणी, तुळशी व विहार हे तलाव आणि भोवती कोट्यवधी मनुष्यांचे नगर, अशा विलक्षण स्थितीत तेथे बिबळे मुक्तपणे वास करतात. स्वयंचलित छायाचित्रयंत्रांच्या साहाय्याने केलेल्या गणनेत २०१५ साली ३५ व २०१८ साली ४७ बिबळ्यांची नोंद झाली.

याच उद्यानाच्या एका भागात पकडलेल्या, जखमी, अनाथ वा निराधार झालेल्या वाघ-सिंह-बिबळ्यांसाठी संगोपनकेंद्र आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबळ्यांसाठी, आणि नागपूरजवळ गोरेवाडा येथे निरनिराळ्या वन्य प्राण्यांसाठी, अशीच केंद्रे आहेत. या केंद्रांकडे पाहून अहिंसाव्रती मनुष्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न असा : मांसावाचून जगू न शकणाऱ्या श्वापदाला पिंजऱ्यात ठेवून, दुसऱ्या जीवांच्या मांसावर आयुष्यभर पोसणे ही दया की हिंसा? हे पुण्य म्हणावे की पाप, की या दोहोंहून निराळे काही?

शरण आलेल्या सशाचा दृष्टान्त

शरणागताच्या रक्षणाचा विचार निघताच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातील सशाची लीळा महानुभावांच्या डोळ्यांसमोर येते. पारध्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन लपतो. पारधी तो मागतात. स्वामी देत नाहीत, आणि त्यांच्या उपदेशाने पारध्यांचे हिंसक मन पालटते. पारधी निघून गेल्यावर स्वामी जानू उचलतात व ससा आपल्या वाटेने जातो.

या लीळेचे निरूपण करताना सामान्यतः तिच्या पहिल्या अर्ध्या भागावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. या लीळेत तीन गोष्टी घडतात. शरण आलेल्यास अभय मिळते. ज्याच्यापासून भय होते त्याच्या वृत्तीत पालट होतो. आणि भय सरताच शरणागत मोकळा होतो. रक्षकाने रक्षिताला आपल्याजवळ ठेवून घेतले नाही. जानू जितका वेळ आवश्यक तितकाच वेळ खाली राहिला.

आता या तीन अंगांनी संगोपनकेंद्राची परीक्षा केली तर काय आढळते? शरण देणे हे पहिले अंग तेथे आहे. परंतु ज्यामुळे ते श्वापद निराधार झाले ती मनुष्याची वृत्ती पालटली आहे, असे दिसत नाही. आणि तिसरे अंग तर बहुतेक प्राण्यांच्या वाट्याला येतच नाही. जो बिबळ्या तेथे वर्षानुवर्षे राहिला तो बहुधा तेथेच मरतो. या केंद्रांत जानू खाली आला, पण उचलला गेला नाही. असे का व्हावे, हे समजण्यासाठी तेथे येणारे प्राणी कोठून येतात हे पाहिले पाहिजे.

हे श्वापद निराधार कोणी केले?

पहिला वर्ग सर्कशीतून सुटलेल्या प्राण्यांचा होता. भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी मुलखातच झाला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ लावला, आणि पुढे सांगलीच्या परिसरातून अनेक सर्कशी निघाल्या. मराठी माणसाने या पराक्रमाचा अभिमान वाहिला. जळत्या कड्यातून उडी मारणाऱ्या वाघाच्या मनात त्या वेळी काय होते, हा प्रश्न मात्र प्रेक्षकांतून क्वचितच कोणी विचारला. वाघ, सिंह, बिबळे, अस्वले व माकडे यांचे खेळ करण्यास केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मनाई केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. त्यानंतर देशात ठिकठिकाणी या प्राण्यांसाठी केंद्रे उघडावी लागली. जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेल्या, शिकार म्हणजे काय हे न जाणणाऱ्या त्या वाघ-सिंहांना अरण्यात सोडणे म्हणजे उपासमारीने मारणेच होते. यास्तव त्यांना अखेरपर्यंत पोसणे आणि त्यांची पैदास होऊ न देणे हाच मार्ग उरला.

दुसरा वर्ग बिबळ्यांचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उंच, दाट, बारमाही ओलावा असलेल्या उसात बिबळ्यांच्या पिढ्या जन्मू लागल्या. कुत्री, डुकरे, शेळ्या हे त्यांचे भक्ष्य. कठडा नसलेल्या विहिरीत पडणे, रानडुकरासाठी लावलेल्या फासात अडकणे, रस्त्यावर वाहनाखाली सापडणे ही त्यांची नित्याची संकटे होत. त्यांतून वाचलेला परंतु पाय वा डोळा गमावलेला प्राणी केंद्रात येतो. ज्याने मनुष्यावर हल्ला केला, किंवा केला असा संशय आहे, तोही तेथेच येतो. सापळ्याच्या सळ्या चावून सुळे मोडून घेतलेले बिबळे तर कायमचेच परावलंबी होतात.

तिसरा वर्ग बछड्यांचा. ऊसतोडीच्या वेळी शेवटच्या सरीत मांजराएवढी पिल्ले आढळतात. आई भयाने दूर गेलेली असते. माणसे कळवळ्याने पिल्ले उचलतात, दूध पाजतात, सरकारी माणसांच्या स्वाधीन करतात. आईवाचून वाढलेले पिल्लू शिकार शिकत नाही, मनुष्याला बिचकत नाही, आणि म्हणून पुन्हा रानात जाऊ शकत नाही. म्हणजे ज्या क्षणी त्याला वाचविले असे वाटले त्याच क्षणी त्याला जन्मभराचा कारावास झाला.

तिन्ही वर्गांत एक गोष्ट समान आहे. श्वापदाच्या निराधारपणाचे कारण मनुष्याची करमणूक, मनुष्याची शेती, मनुष्याचा रस्ता किंवा मनुष्याची अविचारी दया हेच आहे.

केंद्रातील दिनक्रम

अशा केंद्रातील जीवन कसे असते? प्रत्येक प्राण्याला आत निजण्याची कोठी आणि बाहेर कुंपण घातलेले अंगण असते. सकाळी प्राण्याला एका भागात घेऊन दार लावतात, दुसरा भाग धुऊन काढतात, पाणी बदलतात. मांस दिवसातून एकदा मिळते. अरण्यातही श्वापदाला रोज शिकार साधत नाही हे जाणून अनेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस लंघन घडविले जाते. आजारी प्राण्याला औषध मांसातून देतात, नाही तर सरकत्या भिंतीच्या अरुंद पिंजऱ्यात आणून सुई टोचतात. मोठ्या उपचारासाठी भुलीचे औषध द्यावे लागते. चढण्यासाठी लाकडी मचाण, नखे घासण्यासाठी ओंडका, लपण्यासाठी झुडूप, अशा गोष्टी जेथे आहेत ते केंद्र चांगले समजावे.

नव्याने आलेला बिबळ्या कोपऱ्यात दबून बसतो, माणसाची चाहूल लागताच गुरगुरतो, गजांवर झेपावतो, काही दिवस अन्नास तोंड लावीत नाही. पाहणाऱ्याला तो क्रोध वाटतो. वस्तुतः ते भय असते. 'अभयारण्य' या शब्दात अरण्याच्या आधी अभय आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्या केंद्रात प्राण्याला अन्न मिळते पण अभय मिळत नाही, जेथे प्रेक्षकांची रांग त्याच्या लपण्याच्या जागेपर्यंत पोहोचते, ते केंद्र शरणस्थान नव्हे. शरणागताचा तमाशा होऊ नये, हा नियम जितका मनुष्याला तितकाच पशूला लागू आहे.

महानुभाव भिक्षूच्या आचारात अटन, विजन, भिक्षा व भोजन यांचा क्रम सांगितला आहे. एकाच ठिकाणी संबंध जोडून न राहणे, निर्जन स्थळी एकांत करणे, आयते मिळेल त्यावर देह धरणे, हे साधकाने ज्ञानपूर्वक स्वीकारलेले व्रत आहे. बिबळ्याला हे ज्ञान नाही, पण अटन व विजन हा त्याचा देहस्वभाव आहे. तो एकटा हिंडतो आणि एकांत शोधतो. संगोपनकेंद्रात त्याचे अटन संपते, विजन संपते, फक्त भोजन उरते. केवळ भोजन उरलेले जीवन किती उणे असते, हे ज्याने स्वतः अटन-विजन आचरले आहे त्याला अधिक सांगावयास नको.

पहिली शंका : मांस घालून पोसणे ही हिंसाच नव्हे काय?

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. एक वाघ जगविण्यासाठी त्याच्या आयुष्यात शेकडो प्राण्यांचा वध होतो. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे व तिला अनुमोदन देणे या तिन्हींत दोष आहे. मग एका जीवासाठी अनेकांचा घात करविणारी ही कसली दया? त्यापेक्षा त्या वाघाला त्याच्या प्रारब्धावर सोडावे.

या शंकेत सत्यांश आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सर्व देहांत जीव तोच आहे. योनिभेद कर्मामुळे आहे. वाघ देखणा म्हणून त्याचा जीव मोठा आणि रेडा काळा-ओबडधोबड म्हणून त्याचा जीव लहान, असे शास्त्र म्हणत नाही. २०१५ साली राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू झाला तेव्हा बोरिवलीच्या वाघ-सिंहांचा आहार बदलावा लागला. एका पशूच्या जागी दुसरा पशू आला. कायद्याच्या दृष्टीने फरक पडला. जीवतत्त्वाच्या दृष्टीने मरणारा जीव जीवच राहिला.

तथापि पूर्वपक्षाचा निष्कर्ष स्वीकारता येत नाही. 'प्रारब्धावर सोडणे' या शब्दांत एक फसवणूक आहे. मुक्त अरण्यातील वाघाला त्याच्या प्रारब्धावर सोडता येते, कारण तो आपल्या सामर्थ्याने जगत असतो. पिंजऱ्यातील वाघाचे सामर्थ्य मनुष्याने आधीच हिरावून घेतले आहे. दाराला कुलूप मनुष्याचे, आणि उपासमार मात्र प्रारब्धाची, असे म्हणता येणार नाही. कुलूप लावणाऱ्यावर अन्नाचे ऋण येते. ते न फेडणे हाही घातच, आणि तो आपल्या हातून थेट होणारा घात आहे.

मग निष्पन्न काय? दोन्हीकडे दोष आहे. ज्या मार्गात दोष अल्प आहे तो पत्करावा, आणि पत्करताना तो दोष आहे हे विसरू नये. अहिंसेच्या आचारातील खरा धोका येथेच आहे. अपरिहार्य हिंसा करावी लागली यापेक्षा, तिला पुण्याचे नाव दिले गेले, हा अधिक मोठा विकल्प होय. उद्यानात प्राणी वर्षापुरते दत्तक घेण्याची योजना आहे. कोणी गृहस्थ वाघाच्या आहाराचा खर्च उचलतो व फलकावर नाव लागले म्हणून समाधान पावतो. त्याने खर्च जरूर उचलावा. परंतु फलकाकडे पाहताना त्या खर्चातून कोणाचे प्राण गेले, याचेही स्मरण ठेवावे. ते स्मरण असेल तर तो अभिमानापासून वाचेल. भिक्षूने मात्र अशा कार्यात कर्तेपणा वा प्रशंसा या दोहोंत न शिरता आपल्या मर्यादेत राहावे हेच उचित.

दुसरी शंका : मनुष्यघातक श्वापदाला अभय का?

पूर्वपक्ष दुसरा असा : ज्याने मूल उचलून नेले त्या बिबळ्याला मारणे हाच न्याय. त्याला मांस घालून पोसणे हा मृताच्या आप्तांवर अन्याय आहे.

२००४ सालच्या जून महिन्यात बोरिवलीच्या उद्यानाच्या कडेला बिबळ्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक गरीब वस्त्यांतील होती. ज्यांच्या घरी शौचकूप नाही, दिवा नाही, दाराला भक्कम फळी नाही, त्यांच्या मुलांवर हे संकट प्रथम येते. दूरच्या सुरक्षित घरात बसून वन्य जीवांविषयी कळवळा दाखविणे सोपे असते. म्हणून 'बिबळ्या निरपराध आहे' हे वाक्य तत्त्वतः खरे असले तरी ते शोकाकुल आईच्या दारात उच्चारण्याचे नव्हे. तेथे आधी तिचे दुःख ऐकावे, तिच्या वस्तीत दिवा लागेल असे पाहावे. सत्य बोलण्यालाही स्थळ-काळ आहे.

तत्त्वाचा विचार मात्र सोडता येत नाही. अपराध होण्यास विधिनिषेध समजण्याचा अधिकार लागतो. मनुष्यदेहात तो अधिकार आहे. पशुयोनी ही भोगयोनी आहे. पारध्याला स्वामींनी उपदेश केला, कारण पारध्याला उपदेश समजू शकत होता व त्याने आचार बदलणे शक्य होते. तोच ससा एखाद्या वाघापुढून धावत आला असता तर वाघाला उपदेश कसला? ज्याला निषेध कळत नाही त्याच्याकडून निषिद्ध घडले तर ते संकट असते, पाप नसते. संकटाचे निवारण करावे. त्याला शिक्षेचे रूप देऊ नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हाच क्रम घालून दिला आहे. मनुष्याच्या जिवास धोकादायक ठरलेले अनुसूचित श्वापद पकडणे, गुंगी देणे वा अन्यत्र नेणे शक्य नसेल तरच त्याच्या वधाची अनुज्ञा देता येते. त्याच कायद्यात पुढे असेही सांगितले आहे की, पकडलेला प्राणी अरण्यात पुन्हा राहू शकणार नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय, आणि तशी कारणे लिहून ठेवल्याशिवाय, त्याला कायमचे बंदिवासात ठेवू नये. वध तर दूरच राहो, पिंजऱ्यालाही कारण द्यावे लागते. कायदा करणाऱ्यांनी मोक्षशास्त्र डोळ्यांपुढे ठेवले नव्हते. तरीही परक्याचे स्वातंत्र्य हिरावताना कारण सांगण्याचे बंधन स्वतःवर घालून घेणे, यात धर्माचा अंश आहे.

तिसरी शंका : मग दूरच्या अरण्यात का सोडू नये?

मारू नये, कोंडूही नये, तर दूर नेऊन सोडावे, हा उपाय दयाळू मनाला सर्वांत निर्दोष वाटतो. तो करून पाहण्यात आला. जुन्नर भागात पकडलेले बिबळे अन्य अरण्यांत नेऊन सोडण्याचा क्रम सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, पूर्वी त्या भागात मनुष्यांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते या उपायानंतर १७ झाले, आणि हल्ल्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. परक्या मुलखात सोडलेला बिबळ्या भांबावतो. तेथे आधीच राहणाऱ्या बिबळ्यांशी त्याचा झगडा होतो. तो मूळ स्थानाकडे परत फिरतो, आणि वाटेत अनोळखी वस्त्यांत शिरतो.

'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेल्या बिबळ्याचे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. २००९ साली तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे तो विहिरीत पडला होता. त्याला वर काढून, गळ्यात यंत्रपट्टा बांधून, माळशेज घाटाच्या अरण्यात सोडण्यात आले. तेथे तो थांबला नाही. महामार्ग, लोहमार्ग व वस्त्या ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या उत्तरेकडील रानात, बोरिवलीच्या उद्यानाच्या प्रदेशात येऊन पोहोचला. इतक्या वाटेत त्याने कोणा मनुष्यास इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. ज्याला मनुष्याने 'येथे राहा' असे सांगून एक अरण्य नेमून दिले होते, त्याने आपले स्थान आपण निवडले, आणि मनुष्याच्याच रस्त्याने त्याचा जीव घेतला.

यावरून सिद्धान्त असा निघतो की, दया ही केवळ मनाची आर्द्रता नव्हे. ज्याच्यावर दया करावयाची त्याचा स्वभाव, त्याचे स्थान, त्याची गरज यांचे ज्ञान नसेल तर तीच दया हिंसेचे कारण होते. बिबळ्या सोडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. तरीही ज्या घरांत त्यानंतर मृत्यू आला त्यांना त्या शुद्ध हेतूचा काय उपयोग? ज्ञानाविना आचार आंधळा असतो हे शास्त्रवचन केवळ साधनेपुरते नाही.

मागे सरण्याचा धर्म

तर मग सशाच्या लीळेतील तिन्ही अंगे जेथे पूर्ण होतात असे काही या क्षेत्रात आहे काय? आहे, आणि ते अगदी साधे आहे. उसात पिल्ले सापडली की त्यांना केंद्रात न नेता, पशुवैद्याने तपासून, त्याच शेतात, सापडली त्याच जागेजवळ, संध्याकाळी एका खोक्यात वा टोपलीत ठेवावयाचे, आणि माणसांनी तेथून दूर व्हावयाचे, ही पद्धत जुन्नर भागात वनखाते व माणिकडोहच्या केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था यांनी रूढ केली. अंधार पडल्यावर आई येते, खोके आडवे करते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. एखादे वेळी ती पहिल्या रात्री येत नाही. मग दुसऱ्या रात्री पुन्हा तसेच करावे लागते.

यात मनुष्याने काय केले? पिल्लाचे रक्षण केले, हे पहिले अंग. त्या शेताचा धनी, ज्याला आपल्या उसात बिबळ्याची मादी वावरते हे ठाऊक आहे, त्याने भय बाजूस ठेवून एक-दोन दिवस तोड थांबविली, हे दुसरे अंग. येथे पारध्याच्या जागी असलेल्या मनुष्याची वृत्ती पालटली. आणि खोके ठेवून सर्वजण मागे सरले, हे तिसरे अंग. जानू उचलला गेला. या कार्यात कोणाच्या नावाचा फलक लागत नाही, पिंजरा भरत नाही, कोणा पशूचा वध करवावा लागत नाही.

मागे सरण्याचा हा धर्म मराठी मुलखाच्या लोकजीवनाला अपरिचित नाही. मढच्या कोळ्यांचे जीवन मासळी मारण्यावर चालते. अहिंसाव्रती त्याचे समर्थन करणार नाही. पण तेच कोळी पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याची चाल त्याहून जुनी आहे. बोरिवलीच्या रानातील वारली पाड्यांवर वाघोबाचे दगड पुजले जातात. देवतेच्या उपासनेचा प्रश्न येथे बाजूस ठेवू, कारण परमेश्वराहून देवता भिन्न आहेत आणि मोक्षार्थ्यास त्यांच्याकडे जाण्याचे प्रयोजन नाही. परंतु या रानात आपल्या आधीपासून दुसरा कोणी राहतो, रात्र त्याची आहे, ही जी जाणीव त्या पूजेमागे आहे ती अहिंसेला पोषकच आहे.

नगरवासी गृहस्थाला हे मागे सरणे कसे साधेल? त्याच्या हाती बिबळ्या नाही, पण कचरा आहे. उघड्यावर टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबळ्या वस्तीत येतो. बोरिवलीच्या बिबळ्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा आहे, हे अभ्यासाने दिसून आले आहे. मग एके दिवशी बिबळ्या दिसतो, गर्दी जमते, दगड उचलले जातात, पिंजरा लावण्याची मागणी होते, आणि एक जीव जन्मभरासाठी कोंडला जातो. ज्याने सकाळी खिडकीतून पिशवी फेकली त्याला हा परिणाम कधीच दिसत नाही. शस्त्र हाती न घेताही हिंसा कशी करविली जाते, याचे हे ढळढळीत उदाहरण होय. २०११ पासून उद्यानाच्या परिसरातील रहिवाशांना हेच समजावण्याचा उपक्रम वनखात्याने नागरिकांच्या साहाय्याने चालविला. कचरा उचलणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे, शौचास एकट्याने अंधारात न जाणे, बिबळ्या दिसल्यास गर्दी न करणे, इतक्याच त्यातील गोष्टी. त्या लहान आहेत, म्हणूनच त्यांना आचार म्हणता येते.

उपसंहार

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. संगोपनकेंद्रातील सेवा ही निर्मळ पुण्य नव्हे, आणि ती टाळल्याने मनुष्य निष्पापही होत नाही. ती प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्ताची दोन लक्षणे असतात. पहिले असे की ते कष्टाने, नियमाने, अखेरपर्यंत करावे लागते. म्हाताऱ्या, दात पडलेल्या वाघासाठी मांस बारीक करून देणारा, त्याची जखम रोज धुणारा, प्रेक्षकांपासून त्याला आडोसा देणारा रखवालदार ते करीत असतो, आणि समाजाने त्याच्याविषयी कृतज्ञ असावे. दुसरे लक्षण असे की, ज्या कृत्यासाठी प्रायश्चित्त घेतले ते पुन्हा करावयाचे नसते. एका हाताने पिंजऱ्यातील वाघाच्या आहाराचे पैसे द्यावेत आणि दुसऱ्या हाताने त्याच्या भावंडांना पिंजऱ्यात येण्यास भाग पाडावे, हे प्रायश्चित्त नव्हे.

यास्तव अशा केंद्राचा उत्कर्ष त्याच्या विस्तारावरून मोजू नये. नवे पिंजरे किती बांधले यापेक्षा जुने किती रिकामे झाले, आणि रिकाम्या पिंजऱ्यात नवा जीव आणावा लागला नाही असे किती दिवस गेले, हे विचारावे. सर्कशीचे प्राणी वृद्ध होऊन एकेक करीत गेले आणि नवे आले नाहीत. त्या एका बाबतीत मनुष्याची वृत्ती पालटली म्हणून ते ऋण फिटत आले. बिबळ्यांच्या बाबतीत ते अद्याप फिटावयाचे आहे.

स्वामींच्या जानूखालचा ससा तेथे किती काळ होता? पारध्यांचे मन पालटेपर्यंत. बोरिवलीच्या व माणिकडोहच्या पिंजऱ्यांतील बिबळ्यांच्या मुक्ततेचीही मर्यादा तीच आहे. जे आज आत आहेत त्यांपैकी बहुतेकांना ती मिळणार नाही. त्यांना अन्न, औषध, आडोसा व अभय द्यावे. जे अद्याप बाहेर आहेत त्यांच्याकरिता उपदेशी व वासनिक, प्रत्येकाने आपल्या दारापासून आरंभ करावा.

दंडवत प्रणाम.